पगार अडकवला, ओव्हरटाइम खाल्ला: बेळगाव-निपाणी-खानापूरवाल्यांनी आपला अनुभव लिहा

उद्यमबाग असो, मच्छे असो नाहीतर निपाणी, मालकानं पैसे बुडवलेत आणि तुम्ही भांडलात तर काय झालं ते लिहा. मिळाले असले तरी, नसले तरी. कंपनीचं नाव नको, कुठला कागद कामाला आला ते सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवीन कायदा, लागू झालीय, काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असं त्यात आहे, पण आमच्याकडं अजून कुणाला दिलेला बघितला नाही.

उद्यमबागकर: मी फाउंड्रीत मोल्डिंगला होतो, ठेकेदाराच्या हजेरीवर. ड्युटी आठ तासांची पण भट्टी चालू असताना माणूस घरी कसा जाणार, लोखंड ओतून संपेपर्यंत थांबायचं, आणि जादा तासाला दुप्पट दर असतोय तिथं साध्याच दरानं पैसे, तेही वहीत लिहून. काम सोडल्यावर शेवटचा पगार अडकवला. ठेकेदार म्हणतोय कंपनीनं बिल दिलं नाही, कंपनी म्हणतेय तुमचा आमचा संबंध काय. युनियनच्या एका काकांनी सांगितलं, ठेकेदारानं नाही दिला तर कंपनीनंच द्यायचा, कायदा आहे. लेबर ऑफिसातनं दोघांना बोलावणं गेलं तेव्हा पगार निघाला. ओव्हरटाइम नाही मिळाला, कारण पंचिंगचं रेकॉर्ड त्यांच्याच ताब्यात. आता पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं असं नवीन कायद्यात आहे, ते ऑफिसरनी खरंच लावलं पाहिजे, नाहीतर आमच्यासारख्यांचं तसंच जाणार.

निपाणीची लेक: आई बिड्या वळते. मजुरी हजार बिड्यांमागं, पण मुकादम खराब म्हणून छाट काढतोय, छाटलेल्या बिड्या परत देत नाही आणि पैसे पण देत नाही! पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं आणायची. आईकडं कार्ड नाही, पासबुक नाही, मग कामगार आहे हेच दाखवायचं कसं? तपासणीला आलेले कारखान्यात बघून जातात, घरात बसून वळणाऱ्या बायकांकडं कोण येत नाही. यायलाच पाहिजे.

खासबाग मागवाला: मागावर विणलेल्या साडीवर डाग म्हणून मजुरी कापतात, वर उचलीचे वेगळे. सगळं मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा रे.

खानापूर: @निपाणीची लेक, ताई, मुकादम माल देताना चिठ्ठी देतोय का? त्याचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. दाव्याला आता तीन वर्षं मुदत आहे, आधी किमान वेतनाला सहाच महिने होती. तक्रार लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, तोंडी सांगितलं की 'बघतो' म्हणतात आणि पुढं काहीच हलत नाही. अर्ज कन्नडमध्ये लागला तर लिहून देतो मी, बिनधास्त मेसेज करा.

निपाणीची लेक: चिठ्ठ्या आहेत दादा, डब्यात ठेवलेल्या. आज रात्री फोटो काढून पाठवते.