बोअर-होनिंग केलेल्या इंजिनात पहिलं ऑइल: मिनरल की सिंथेटिक?

अंबडचा_मिस्त्री
बोलतोय ते बोअर (सिलिंडरची आतली भिंत) होन करून, म्हणजे दगडाने बारीक रेघा पाडून, नव्या पिस्टन-रिंगा टाकून बांधलेल्या इंजिनाबद्दल, शोरूमच्या गाडीबद्दल नाही. पहिले 800 किमी साधं मिनरल, 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 जाडीचं. सिंथेटिकची फिल्म तगडी; रिंग बोअरला घासून बसायच्या आधीच बोअर गुळगुळीत होऊन चकाकी धरतो, मग ऑइल पिणं आणि निळा धूर ठरलेला. पहिलं ऑइल-फिल्टर मात्र अर्ध्या तासाच्या रनिंगनंतरच काढा, धातूचा चुरा त्यातच असतो.

गोंदे_फाटा
बोअर चकाकतो त्याला ऑइल नाही, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन बिनलोड चालू ठेवणं) कारणीभूत. रिंग बोअरवर दाबली जाते ती मागे शिरणाऱ्या गॅसने. लोड नाही तर दाब नाही, मग मिनरल काय करणार? लोक मात्र गाडी गॅरेजच्या दारात तासभर गुरगुरत ठेवतात, नाहीतर पहिलीच चक्कर नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत! त्यापेक्षा गरम झाली की आग्रा रोडने गोंद्याकडे काढा. तिसऱ्या गियरात 40 वरून 70 पर्यंत दाबून, मग पाय सोडून परत 40, दहा वेळा. पाय सोडल्यावर व्हॅक्यूमने ऑइल वर ओढलं जातं, रिंगांपाशी साचलेला चुरा धुतला जातो. आणि कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येणाऱ्या गाड्यांच्या रिंगा बसतातच की.

अंबडचा_मिस्त्री
कारखान्यात प्लॅटो होनिंग असतं, रेघांची टोकं आधीच छाटलेली. आपल्याकडे हातड्रिलने होन केलेल्या बोअरची टोकं रिंगेलाच छाटायची असतात. तुलना कशाची कशाशी?

पद्मिनी_1089
कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) विसरलात दोघंही. पद्मिनी, ॲम्बेसेडरसारख्या पुशरॉड इंजिनात सपाट टॅपेट कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासतो. नवा कॅम असेल तर एसपी ग्रेडचं (पेट्रोल गाड्यांचं) 5डब्ल्यू-30 नको. त्यात फॉस्फरसला 0.08 टक्क्यांची मर्यादा, म्हणजे त्याच्यासोबत येणारं, झीज रोखणारं झिंकही बेताचंच. सीआय-4 ग्रेडचं, डिझेल इंजिनाचं 15डब्ल्यू-40 ऑइल भरा, लोबांना झीज रोखणारी मॉलीची पेस्ट. सुरू होताच 20 मिनिटं 2000 ते 2500 आरपीएम, कारण लोबवर ऑइल पोचतं ते क्रँकच्या फेकीने. टायमिंग आधी लावा, कार्ब्युरेटर पेट्रोलने भरून ठेवा. सेल मारत बसलात की पेस्ट पुसली गेलीच.

गोंदे_फाटा
20 मिनिटं बिनलोड? रिंगांचं काय?

पद्मिनी_1089
रिंगा लगेच पुढे बसवा, तुमच्या गोंद्याच्या रस्त्यावर. लोब खाल्ला गेला तर इंजिन परत उतरवावं लागतं.

पांढरं_फडकं
ब्लॉक धुतला कशाने, ते कोणीच विचारलं नाही! नुसत्या रॉकेलने होनिंगच्या दगडाची कणी रेघांतच राहते आणि रिंगा खाते, वर कुठलंही ऑइल ओता. गरम पाणी, कपड्यांची पावडर, ब्रश. लगेच सुकवून ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवा.