पेन्सहर्स्ट प्लेस पुन्हापुन्हा राजाकडे का जातं?

पानदळ:
इंग्लंडच्या केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेस या जुन्या वाड्याच्या मालकांची यादी लावतेय. 1341 मध्ये तटबंदीचा परवाना घेणारा सर जॉन डी पुल्टनी, लंडनचा धनाढ्य व्यापारी आणि चार वेळा मेयर. पुढे चौथ्या हेन्रीचा मुलगा, बेडफर्डचा ड्यूक जॉन. मग त्याचा भाऊ हम्फ्री, मग बकिंगहॅमचे ड्यूक, मग राजा, मग सिडनी घराणं. बाप-लेक असा क्रम कुठे लागतच नाही. हे सगळं खरेदी-विक्रीतून झालं का?

दिवटी:
व्यापाऱ्याकडे पैसा होता, त्याचं सोडा. पुढचे बदल मृत्यू आणि राजकारणाचे. बेडफर्ड 1435 मध्ये वारला, औरस मूल नाही, म्हणून भावाकडे. हम्फ्रीला 1447 च्या फेब्रुवारीत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि काही दिवसांतच तो मेला. त्यालाही औरस वारस नव्हता. जमीन राजाच्या हातात आली आणि त्याने ती स्टॅफर्ड घराण्याला, म्हणजे बकिंगहॅमच्या ड्यूकला दिली.

खरी मजा याच घराण्यातल्या एडवर्ड स्टॅफर्डची. 1519 मध्ये याच वाड्यात त्याने आठव्या हेन्रीची शाही सरबराई केली. मधोमध अष्टकोनी चूल असलेला, चेस्टनटच्या तुळयांचा तो उंच दिवाणखाना आजही उभा आहे. दोनच वर्षांनी, मे 1521 मध्ये, त्याच राजाने राजद्रोहाखाली त्याचं डोकं उडवलं आणि मालमत्ता जप्त. एवढा खर्च करून पाहुणचार केला तो कोणाचा! 1552 मध्ये सहाव्या एडवर्डने पेन्सहर्स्ट सर विल्यम सिडनीला दिलं, आणि ते घराणं अजून तिथेच आहे.

पानदळ:
म्हणजे वारस नसणं आणि राजद्रोह, दोन्हींत जमीन वरच जायची?

जुना_कारकून:
हो, पण वर म्हणजे ज्याच्याकडून ती धारण केली असेल त्या धन्याकडे. राजद्रोहात मात्र थेट राजाकडे. मालक म्हटलं तरी तो धारकच, जमीन अखेर राजाची.

राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला की स्थानिक पंच बसवून चौकशी व्हायची: जमीन कोणती, कोणत्या सेवेच्या बदल्यात, वारस कोण आणि त्याचं वय काय. वयाला महत्त्व होतं, कारण लष्करी सेवेच्या बदल्यात धारण केलेल्या जमिनीचा वारस मुलगा 21 वर्षांचा नसेल तर जमिनीचं उत्पन्न आणि त्याच्या लग्नाचा हक्कही राजाकडे. ही चौकशीची कागदपत्रं लॅटिनमध्ये आहेत, पण त्यांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत. त्यात बघा. अन् मालकांबरोबर वारसांची वयंही टिपून ठेवा.