लॅमिंग्टन रोड कधी आणि कशामुळे बदलला? सुटे भाग विकणारी माणसं आता कुठे बसतात?

ठाकुर्लीकर:

नमस्कार मंडळी. वडिलांचा जुना स्टिरिओ डेक आहे, त्याचा उजवा चॅनल गेलाय. इथल्या मेकॅनिकने उघडून पाहिलं आणि म्हणाला, आवाज मोठा करणारा आयसी, एसटीके ४१४१, उडालाय, आणून द्या, बसवून देतो. साहजिकच मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड आठवला. डिप्लोमाला असताना, ९४-९५ च्या सुमारास, प्रोजेक्टसाठी तिथे बऱ्याच खेपा घातल्या होत्या. पुढे एकदा पीसी घ्यायला गेलो, तेच शेवटचं.

परवा ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चालत गेलो. रस्ता ओळखीचा, दुकानं अनोळखी. जिथे भिंतभर छोटे खण असायचे तिथे आता कॅमेऱ्यांचे डबे, डीव्हीआर, लॅपटॉपचे चार्जर, मोबाइलच्या काचा. दोन-तीन ठिकाणी आयसीचा नंबर सांगितला, तर काउंटरवरच्या पोरांनी तो मोबाइलवर शोधला. एकाने "ओरिजिनल आहे" म्हणत काढून दिला, पण भाव इतका कमी की मीच घेतला नाही.

हे सगळं ऑनलाइनमुळे झालं असं मला पटत नाही, कारण दुकानं चालू आहेत आणि गर्दीही आहे. मग हा बाजार बदलला कधी, कशाने? आणि नंबर ऐकल्याबरोबर ज्यांचा हात थेट बरोबर खणाकडे जायचा, ती माणसं गेली कुठे? जाणकारांनी सांगावं.

जुना_काउंटरवाला:

तो आयसी घेतला नाहीत ते फार बरं केलंत. सॅन्योने ते एसटीके बनवणं कधीच बंद केलं. बाजारात फिरतो तो बहुतेक डुप्लिकेट. वरून छपाई तशीच असते, पण आतली पट्टी (सबस्ट्रेट) लहान. आवाज वाढवला की महिन्याभरात पुन्हा उडतो आणि जाताना स्पीकरही घेऊन जातो. मेकॅनिकला सांगा, टीडीए ७२९४ या दुसऱ्या ॲम्प्लिफायर आयसीचे दोन बोर्ड लावून बघ. तुमच्या डेकमध्ये प्लस-मायनस सप्लाय आधीच आहे, ट्रान्सफॉर्मर बदलावा लागणार नाही. फक्त व्होल्टेज आधी मोजायला सांगा आणि हीटसिंक नीट बसवायला सांगा, त्यात कंजुषी नको.

आता बाजाराबद्दल. त्या रस्त्यावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहावी झाल्या झाल्या ८१ साली मी तिथल्या एका रेडिओ स्पेअर्सच्या दुकानात लागलो. वडील परळला गिरणीत. जानेवारी ८२ मध्ये संप सुरू झाला तो मिटलाच नाही, आणि घरात येणारा पगार तेवढा माझाच उरला. आमच्या चाळीतली आणखी पोरं मग अशीच चिकटली. कोणी लोहार चाळीत वायरच्या दुकानात, कोणी मनीष मार्केटला, कोणी माझ्या मागोमाग लॅमिंग्टनला. आमच्या ओळीत मालक बहुतेक सिंधी आणि गुजराती, काउंटरच्या आत आम्ही.

दुकान म्हणजे आठ फुटी गाळा आणि तिन्ही भिंतींना पत्र्याचे खण. त्यांत ट्रान्झिस्टर: एसी १२७-१२८ ची जोडी, बीएफ १९४, बीसी १४८, २एन ३०५५. सकाळी अकरापासून रिपेअरवाले यायचे, पार वसई-कल्याण-पनवेलहून. सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर यादी लिहिलेली. यादीतला एखादा नंबर नेमका नसायचाच, आणि खरी कसोटी तिथे लागायची. "हा नाही, याच्या बदल्यात हा लाव. पाय उलटसुलट आहेत, बघून लाव, आणि बेसला रेझिस्टर वाढव." इक्विव्हॅलंट नंबरांचं जाडजूड पुस्तक काउंटरखाली असायचं, पण आमच्या शेठना ते उघडताना मी क्वचितच पाहिलं. ते आधी विचारायचे, कुठला सेट, कुठल्या स्टेजला लावायचाय? ते कळलं की मगच खणाकडे हात. मी जे काही शिकलो ते या प्रश्नामुळे.

८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि पाहता पाहता निम्मे खण एलओटी (टीव्हीतला हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर), बीयू २०८ ट्रान्झिस्टर, ट्यूनर यांनी भरले. रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं त्या दीड वर्षात शनिवारी दुपारी आम्हाला जेवायला फुरसत नसे. प्रत्येक मेकॅनिकला गिऱ्हाइकाचा टीव्ही रविवारी साडेनऊच्या आत चालू करून द्यायचा असायचा. नाहीतर त्या घरी परत तोंड दाखवायची सोय नाही.

मग कॉम्प्युटर. आमच्याकडे तो ९५-९६ ला आला. शेठच्या मुलाने अर्ध्या भिंतीचे खण उतरवले आणि काचेचं शोकेस लावलं. एकपानी रेट लिस्टच्या झेरॉक्स सकाळी वाटायच्या आणि दुपारपर्यंत पेनाने खाडाखोड. सप्टेंबर ९९ मध्ये तैवानला भूकंप झाला तेव्हा रॅमचे भाव असे चढले की फोनवर कोटेशन देणंच बंद केलं. २०११ ला थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, आणि आमच्याकडे डिस्क दुपटीच्या घरात गेली. बापाने शर्टाच्या आतल्या खिशात जपून आणलेल्या पैशात पोराचा पीसी बसवायचा म्हणजे काय कमी करायचं, रॅम की मॉनिटर, हे त्या दोघांना समोर बसवून ठरवावं लागायचं.

म्हणूनच, कॉम्प्युटरने सुट्या भागांचा बाजार मारला असं कोणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही. पीसीसुद्धा सुट्या भागांचाच होता. कुठल्या बोर्डवर कुठली रॅम चालेल, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय किती वॅटचा हवा, हे काउंटरवर विचारूनच ठरायचं. मोडलं ते पुढे, जेव्हा वस्तू बंद डब्यातून यायला लागली. लॅपटॉप आले, त्यात हळूहळू रॅमसुद्धा बोर्डवरच सोल्डर करून यायला लागली. टीव्हीत एलओटी जाऊन पॅनल आलं. पॅनल गेलं की टीव्ही टाकायचा. बंद डबा विकायला जाणकार माणूस लागत नाही. तो ऑनलाइनवाला गोडाउनमधून आमच्यापेक्षा स्वस्त पाठवतो, त्याला काउंटर नाही, पोरांचे पगार नाहीत. ऑनलाइनने शेवटचा धक्का दिला हे खरं, पण पाया त्याआधीच सुटला होता.

कॅमेरे तिथे टिकले ते याच कारणाने. २६/११ नंतर सोसायट्या, दुकानं, क्लासेस सगळ्यांनी कॅमेरे लावायला सुरुवात केली. कॅमेरा नुसता विकून भागत नाही. वायर किती लागेल, रात्री गेटवरचा चेहरा दिसायला लेन्स कुठली, डिस्कवर किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहील, हे सांगणारा आणि शिडी घेऊन जाणारा माणूस लागतो. मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचंही तेच.

शिवाय पैशाचा हिशोब. जुलै २०१७ पर्यंत मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात, आणि ठोक व्यापाऱ्यांची गोडाउनं भिवंडीकडे. पागडीचे गाळे एकाचे तीन झाले, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. चार फुटांत भिंतभर खण मांडता येत नाहीत. मग सुटे भाग वर सरकले. खाली शोधू नका, बाजूच्या गल्ल्यांत शिरा, जुन्या इमारतींचे जिने चढा. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर खण अजून आहेत, आणि खणांपुढची माणसंही.

ग्रँटरोडची:

काकांनी दुकानांचं लिहिलं, मी रस्त्याचं लिहिते. माझं माहेर तिथलंच, डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यापासून चालत अंतरावर. आमच्या लेखी लॅमिंग्टन रोड म्हणजे थिएटरं. इंपिरियल, नाझ, स्वस्तिक, मिनर्व्हा, अप्सरा, नॉव्हेल्टी. मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षं चालला, म्हणजे माझी जवळजवळ सगळी प्राथमिक शाळा त्या एका पोस्टरखालून गेली. नाझच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं, शुक्रवारी तिथे कोणत्या पिक्चरचं काय झालं याची चर्चा फुटपाथवर ऐकू यायची.

मला जो बदल सगळ्यात जाणवतो तो वेळेचा. तेव्हा रस्ता शोप्रमाणे चालायचा. तीन, सहा, नऊ. रात्री साडेबाराला शेवटचा शो सुटला की भेळवाले, पानवाले, कुल्फीवाले, टॅक्सीवाले, सगळे हजर. आई दुसरी पाळी करून एकटी यायची, तिला कधी भीती वाटली नाही, कारण त्या वेळेला रस्त्यावर कुटुंबं असायची. आता बाजार साडेआठला शटर ओढतो आणि रविवारी पूर्ण बंद. माहेरी गेले की रात्री दहाला खाली उतरताना वहिनी म्हणते, थांबा, मी येते सोबत.

आणखी एक. ९१ च्या आखाती युद्धानंतर केबल आली, तेव्हा केबलवाल्यांचे बूस्टर, स्प्लिटर, काळ्या वायरीची भेंडोळी आमच्याच रस्त्यावर विकायला असायची. तो माल घेऊन केबलवाले घरोघरी गेले आणि लोक पिक्चर घरी बघायला लागले. एकेक थिएटर ओस पडत गेलं. मिनर्व्हा तर पाडलंच.

पार्लेकर:

सगळं छान लिहिलंय, पण त्या बाजाराने लोकांना फसवलंही तितकंच. २००३ मध्ये मी घेतलेल्या मॉनिटरला कच्चं बिल दिलं, दोन महिन्यांत बिघडला तर "बिलावर सिरीयल नंबर कुठाय?" म्हणून परत पाठवलं. स्टेशनपासून मागे लागणारे दलाल, वापरलेल्या डिस्क पुसून नव्या म्हणून विकणं, हे सगळं मी पाहिलंय. ऑनलाइन आलं तेव्हा माझ्यासारख्या अडाणी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा छापील भाव आणि वस्तू परत करायची सोय मिळाली. ज्याला नंबर माहीत होता त्याच्यासाठी ती जागा चांगली होती. बाकीच्यांसाठी नव्हती.

तिसरं_सेमिस्टर:

मी आत्ता शिकतेय, ईएक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. आमच्या बॅचमध्ये बोर्ड, सेन्सर सगळं ऑनलाइनच मागवतात, स्वस्त पडतं. पण सबमिशनच्या आदल्या दिवशी आमच्या रोबोला पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर, ७८०५, जळला आणि मी मेट्रोने ग्रँट रोडला गेले. जिना चढून एका दुकानात ७८०५ मागितला. काउंटरवरचा दादा माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. त्याने विचारलं, इनपुट किती? मी म्हटलं बारा व्होल्ट. करंट? म्हटलं एक अँपिअरच्या आसपास. तो म्हणाला, "म्हणजे सात वॅटची नुसती उष्णता. हा पण जळणार. बक कन्व्हर्टर ने." आणि ७८०५ दिलाच नाही. त्या कन्व्हर्टरच्या मॉड्यूलचा स्क्रू फिरवून, मीटर लावून, बरोबर पाच व्होल्टवर आणून हातात दिलं. कॉलेजात हे गणित आम्ही परीक्षेत सोडवलं होतं, पण आमच्या रोबोला ते लागू होतं हे आमच्या ग्रुपमध्ये कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

काका, चिप-लेव्हल दुरुस्ती शिकायची असेल तर कुठून सुरुवात करू?

जुना_काउंटरवाला:

पार्लेकर, तुमचं म्हणणं खोटं नाही. कच्च्या बिलावर माल आमच्या ओळीतही जायचा, आणि वॉरंटीच्या वेळी गिऱ्हाइकाला हुसकावून लावणारे शेजारी मी रोज पाहायचो. ते बोलायची माझी तेव्हा हिंमत नव्हती, नोकरी होती. आता जाल तर पक्कं बिल, त्यावर जीएसटी नंबर आणि वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नका. आणि स्टेशनबाहेर "साहब, लॅपटॉप?" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

ग्रँटरोडच्या ताई, शेवटचा शो सुटायची गर्दी आम्हीही बघायचो, शनिवारी दुकान आवरता आवरता तेवढा उशीर व्हायचाच.

बेटा, तो ७८०५ न देणारा पोरगा ज्याच्याकडे शिकला असेल तो चांगला माणूस असणार. सुरुवात मल्टिमीटरपासून कर, अगदी स्वस्तातला घेऊ नकोस, कंटिन्युइटीचा (जोड अखंड आहे का हे सांगणारा) बीप चटकन वाजणारा घे. मग भंगारातला एखादा बंद लॅपटॉप बोर्ड घे आणि वर दुरुस्तीवाल्यांकडे जा. मायक्रोस्कोपखाली चार्जिंगचा आयसी काढताना बघ. हॉट एअर गन ते थेट आयसीवर रोखत नाहीत, आधी आजूबाजूच्या कॅपॅसिटरवर पिवळी टेप लावतात, फ्लक्स सोडतात, गन गोल गोल फिरवत राहतात, आणि कथिल चमकलं की चिमट्याने अलगद उचलतात. जोर लावला की खालचे पॅड उपटतात आणि बोर्ड कायमचा जातो. हे व्हिडिओत दिसतं, पण चमक नेमकी कधी येते हे शेजारी उभं राहूनच कळतं. शनिवारी दुपारनंतर नको, तेव्हा सगळे घाईत असतात. मधल्या वारी बारा-एकला जा, आपला बोर्ड टेबलावर ठेव आणि सरळ विचार, "दादा, यात शॉर्ट कुठे आहे ते कसं शोधू?" बहुतेक जण हातातलं काम खाली ठेवून दाखवतील.