मदत हवी आहे: ल्युसर्न फेस्टिव्हलला आईसाठी कुठली सीट घेऊ?

ऑगस्टअखेर आईला (वय ७३) घेऊन पुण्याहून स्वित्झर्लंडला जातोय. ल्युसर्नला तळ्याकाठी १९३८ पासून होणाऱ्या उन्हाळी संगीत महोत्सवात तिला माह्लर (पाश्चात्त्य अभिजात संगीतकार) ऐकवायचाच आहे.

अडचण बसण्याची आहे. आई सवाईला वर्षानुवर्षं जाते, पण तिथे मधेच उठून पाय मोकळे केले, चहा घेऊन परत आलं तरी चालतं. माह्लरची दुसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) म्हणजे ऐंशी-नव्वद मिनिटं. तिला मधुमेह आहे, तासाभरात एकदा उठावंच लागतं. डावा गुडघा बदललेला, त्यामुळे रांगेतून वाट काढत जाणं अवघड. आणि आपल्यामुळे कुणाचा रसभंग झाला तर ती पुढचं काहीच ऐकू शकणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

महोत्सव होतो ते केकेएल सभागृह ल्युसर्न स्टेशनला लागूनच आहे, मुक्काम झुरिकला भाच्याकडे, म्हणजे जाण्यायेण्याची काळजी नाही. सीटचा नकाशा पाहिलाय: खालचा मजला आणि वर चार बाल्कन्या. पण पायऱ्या किती, कठडा नजरेच्या आड येतो का, हे त्यावरून कळत नाही. भाचाही कधी आत गेलेला नाही. दोघांचे मिळून दोनशे फ्रँकपर्यंत खर्च करू शकतो. व्हीलचेअर नको, काठी घेऊन ती चालते.

तिथे प्रत्यक्ष ऐकून आलेल्यांनी कृपया सांगा: दाराजवळची, कडेची सीट कुठल्या मजल्यावर घ्यावी, आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत ती बाहेर गेली तर पुन्हा आत सोडतात का?