अनुभव धागा: ‘कासाब्लांका’ मराठी सबटायटलांसह दाखवताना

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत, वाचनालयात किंवा देवळाच्या मांडवात हा १९४२ चा सिनेमा ज्यांनी दाखवलाय त्यांनी लिहावं. सिनेमा किती थोर ते नको. सेटिंग, आकडे, घोटाळे हवेत.

म्हापसा:
चित्र १.३७ : १, जवळजवळ चौकोनी. प्रोजेक्टर ‘फुल’वर राहिला की नायिका इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. ‘नॉर्मल’ करा. दहा फुटी पडद्यावर पावणेआठ फूटच भरेल. तक्रारी येतील, ऐकू नका. ‘व्हिविड’ मोडवर कृष्णधवल निळसर दिसतं.

फोंडा:
ओळी संवादाच्या आधी येऊ लागल्या तर फाइल नुसती मागे सरकवून भागत नाही. ती सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीची असते आणि सिनेमा २३.९७६ चा. दहाव्या मिनिटाला २५ सेकंद, शेवटी चार मिनिटं फरक. फ्रेम रेट बदलून अख्खी फाइल ताणा. पेनड्राइव्हवर टीव्ही जोडाक्षरं फोडतो, म्हणून अक्षरं चित्रातच छापून घेतलेली बरी.

डिचोली:
पॅरिसच्या स्टेशनवर नायक रिकला नायिकेची चिठ्ठी मिळते, ती विसरू नका! संवाद ऐकून केलेल्या फाइलीत ती नसतेच, कारण ती कोणी मोठ्याने वाचत नाही. कागद पडदाभर येतो, पावसाचे थेंब पडतात, शाई ओघळते आणि खाली मराठी ओळ नाही. मग रिक एवढा कडवट का, हे मागच्या रांगेला कळतच नाही. दोनच ओळी करा आणि कागद दिसल्या क्षणी आणा.
दुसरं, रिक नायिकेला ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’. इंग्रजीत सुटका आहे, मराठीत नाही. पॅरिसात ‘तू’, पुढे कासाब्लांकातल्या त्याच्या कॅफेत तिच्या नवऱ्यासमोर ‘तुम्ही’, एकांतात परत ‘तू’. पेला उचलून तो म्हणतो ते वाक्य पॅरिसात आणि विमानतळावर शब्दशः एकच हवं, नाहीतर आठवणीचा धागाच तुटतो.

वास्को:
एक मतभेद. रात्री पिऊन बसलेल्या रिकच्या तोंडी ‘तुम्ही’च हवं, ते जास्त टोचतं.
बाकी, सिनेमात सगळ्यांना लिस्बनच का गाठायचंय ते आधी दोन वाक्यांत सांगा: पोर्तुगाल तटस्थ होता. तेव्हा पोर्तुगीज असलेल्या मुरगाव बंदरात आसरा घेतलेली जर्मन जहाजं मार्च १९४३ मध्ये पेटून बुडाली, एवढं म्हटलं की इथल्या माणसाला तटस्थपणा वेगळा समजवावा लागत नाही.

मडगाव:
आवाज मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा. अँप्लिफायरला मधला स्पीकर आहे असं वाटत असेल आणि तो जोडलेला नसेल तर सगळंच गप्प. सेटिंगमध्ये ‘सेंटर’ बंद करा. कॅफेत जर्मन गाण्यावर फ्रेंच राष्ट्रगीत चढतं तिथे भाषांतर देऊ नका, लोक चेहरे सोडून ओळी वाचतात.