तुमच्या गाडीला कोणते ऑइल घालता? इंजिन ऑइलचे अनुभव

पानगळ

परवा बाबांची लोखंडी ट्रंक आवरताना त्यांच्या मारुती ८०० ची पुस्तिका हाती लागली. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्या बारीक, तिरक्या अक्षरात ऑइल बदलल्याच्या नोंदी आहेत: तारीख, किलोमीटर, ग्रेड (ऑइल किती जाड-पातळ ते सांगणारा आकडा), फिल्टर बदलला की नाही. एका नोंदीसमोर लाल शाईने ‘जाड घातले, चूक’ एवढेच लिहिलेले आहे. ते वाचताना परळच्या आमच्या चाळीखालची एक सकाळ लख्ख आठवली. मी तेव्हा नववीत होते. टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज येतो म्हणून मिस्त्रींनी सांगितले, ‘साहेब, मुंबईची गरमी आहे, जाड ऑइल घाला,’ आणि बाबांनी ते ऐकले. आवाज चार दिवस दबला खरा, पण सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला. पंधरा दिवसांत बाबांनी ते सगळे ऑइल काढून टाकले, पुस्तिकेतल्या ग्रेडचे घातले आणि टॅपेट सेट करून घेतले. आवाजाचे मूळ ऑइलमध्ये नव्हतेच.

गेल्या आठवड्यात नेमका तोच सल्ला मला मिळाला. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ लिहिले आहे. गॅरेजमधले म्हणाले, ‘ताई, हे पाण्यासारखे पातळ असते, मुंबईत टिकत नाही, २०डब्ल्यू-५० घाला.’ मी नाही म्हटले, पण मनात शंका राहिली. आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

काळीपिवळी

माझे वडील अठ्ठावीस वर्षे टॅक्सी चालवत होते, तीही प्रीमियर पद्मिनी. ते नेहमी २०डब्ल्यू-४० घालत आणि त्या इंजिनाला तेच योग्य होते. रात्री गाडी लावल्यावर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, काढून ते ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहत. कचकच लागली की दुसऱ्या दिवशी बदली ठरलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्या ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर राहिल्या नाहीत, पण त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. ताई, तुम्हाला जाड ऑइल सुचवणारा माणूस फसवत असेलच असे नाही. त्याचे ज्ञान खरे आहे, फक्त ते दुसऱ्या इंजिनाचे आहे.

वंगण

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी नोकरीची सगळी वर्षे वंगणांच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून आकड्यांविषयी लिहितो. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंड ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना होते. मुंबईत तशी थंडी कधीच पडत नाही हे खरे, तरी रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात सकाळी लहान आकड्याचे ऑइल वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते, आणि झिजेचा मोठा वाटा त्या पहिल्या काही क्षणांतच असतो. दुसरा आकडा १०० अंशांच्या दाटपणाचा आहे. गरम झालेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, त्यामुळे बाहेर मुंबईचा मे महिना असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, धावत्या इंजिनातल्या ऑइलला फार मोठा फरक जाणवत नाही. ‘गरमी आहे म्हणून जाड’ हा तर्क इथेच लंगडा पडतो. शिवाय आजच्या अनेक लहान इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. तिच्या वाटा अरुंद असतात, आणि बेअरिंगमधली फटही त्याच पातळ ऑइलचा हिशोब करून ठेवलेली असते.

डब्यावर ग्रेडबरोबर एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जाचा वर्गही पाहावा. पेट्रोल इंजिनाचा वर्ग ‘एस’ने सुरू होतो, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तिकेत एसएन लिहिले असेल तर एसपी चालते, उलटे करू नये.

हिरवीपाटी

सीएनजीवाल्यांनी माझी चूक करू नये. गॅसवर काजळी कमी धरते, त्यामुळे ऑइल महिनोन्महिने मधासारखे सोनेरी दिसते. मी रंगावर विसंबून बदली लांबवत गेलो. ऑइल दिसायला स्वच्छ होते, पण उष्णतेने आतून दाट होत गेले होते, आणि झाकण उघडले तेव्हा आत तपकिरी थर बसलेला होता. आता मी रंग पाहतच नाही, तारीख पाहतो.

घोडबंदर_ते_अंधेरी

तारखेबरोबर तासही पाहावेत. माझ्या गाडीचा सरासरी वेग पडद्यावर ताशी १५ किलोमीटर दिसतो. या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला सुमारे ६६७ तास लागतात. महामार्गावर ताशी ५० ने तेच अंतर २०० तासांत होते. म्हणजे ओडोमीटर तोच आकडा दाखवतो आणि ऑइलने मात्र तिपटीहून अधिक काम केलेले असते. पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. तो वाळवंटासाठी किंवा डोंगरासाठी आहे असे मी समजत होतो, पण त्यात थांबत-थांबत चालणारी, बराच वेळ जागेवर सुरू राहणारी गाडीही येते. आमचा रोजचा घोडबंदर रस्ता म्हणजे तोच तक्ता. तेव्हापासून मी ५,००० ला बदलतो.

मुलुंडची_आई

मी गाडी फक्त मुलाला शाळेत सोडायला काढते, जेमतेम दीड किलोमीटर. जुलैमध्ये ऑइलचे झाकण उघडले तर खाली पिवळट साय धरलेली! हेड गॅस्केट (इंजिनातले ऑइल आणि पाणी वेगळे ठेवणारे सील) गेले, इंजिनकाम काढावे लागेल असे गॅरेजमध्ये सांगितले आहे. दोन रात्री झोप नाही. कोणाला असा अनुभव आहे का?

वंगण

ताई, घाबरू नका, आधी दोन गोष्टी पाहा. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे का, आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी तशीच आहे का? दोन्ही ठीक असतील तर ती साय बहुधा पावसाळी दमटपणाची आहे. इतक्या कमी अंतरात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे आत जमलेले बाष्प उडून जात नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि झाकण पुसून पुन्हा पाहा. कूलंट घटत असेल तर मात्र गाडी चालवू नका.

सांताक्रूझकर

खरे दुधाळ ऑइल मी पाहिले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आमच्या इमारतीच्या आवारातल्या सगळ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर मी उतावीळपणे चावी फिरवली. एक ‘ठक्’ असा आवाज आला आणि इंजिन जागीच अडकले. सिलिंडरमध्ये पाणी होते, पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकला. शेजारच्या काकांनी चावीला हात लावला नाही. त्यांनी गाडी टो करून नेली, प्लग काढून पाणी बाहेर काढवले आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा, नट उघडवला. आधी नुसते पाणी आले, मग दुधाच्या चहासारखे ऑइल. त्यांनी दोन वेळा नवे ऑइल आणि फिल्टर घालून धुऊन काढले; ती गाडी पुढे कितीतरी वर्षे चालली. माझ्या इंजिनाला हेड उतरवावे लागले.

पानगळ

तुमचे वाचून वाईट वाटले. तेव्हा हे कोणाला सुचणार होते!

जुनीगाडी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. गाडी चौदा वर्षांची आहे, ऑइल खाते, दर महिन्याला टॉप-अप लागतो. पुस्तिकेच्या तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० च्या शेजारी १०डब्ल्यू-४० सुद्धा दिलेले आहे. ते घातल्यापासून खाणे कमी झाले. जुन्या इंजिनाला एक पायरी जाड ऑइल देण्यात मला गैर वाटत नाही, मात्र ती पायरी पुस्तिकेतली असावी, काउंटरवरच्या माणसाच्या मनातली नव्हे.

डबाबाटली

ग्रेड बरोबर असूनही मी फसलो. रस्त्याकडेच्या एका दुकानातून स्वस्तात डबा घेतला. घरी चांगल्या डब्याशेजारी ठेवला तेव्हा दिसले की झाकणाच्या कड्याचे दात आधीच तुटलेले होते, आणि बॅच क्रमांक बोटाने पुसला जात होता. रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात, म्हणून मी आता माझा डबा सुरीने उभा कापूनच टाकतो. आपल्या सर्वांना कळकळीची विनंती आहे की आपणही एवढे करावे.

मुलुंडची_आई

कूलंट पूर्ण आहे आणि डिपस्टिक स्वच्छ आहे! वंगण काका, मनापासून आभार. रविवारी ठाण्यापर्यंत जाऊन येते. एक विचारायचे राहिले, काढलेल्या ऑइलचे काय करतात? आमच्या सोसायटीत एकाने ते गटारात ओतलेले मी पाहिले.

डबाबाटली

ते कृपया कोणीही करू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. मी घरी बदलतो तेव्हा जुने ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात ओततो, तिथून ते पुनर्शुद्धीकरणाला जाते. डबा त्यानंतर कापतो.

पानगळ

आज ऑइल बदलले. ०डब्ल्यू-१६, एसपी, समोर उभे राहून डबा उघडवला. फिल्टर नवा आणि चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा. गॅरेजमधल्या दादांना पुस्तिकेतले पान दाखवले तेव्हा त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला. बाबांच्या पानावर तळाशी एका ओळीची जागा होती, तिथे मी आजची तारीख आणि किलोमीटर लिहिले.

काळीपिवळी

ताई, उद्या सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक पुन्हा पाहा. नवा फिल्टर थोडे ऑइल पितो. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की झाले. वरच्या खुणेपुढे भरू देऊ नका, ऑइलला फेस येतो.