बाबांना दिल्लीचं अमृत उद्यान दाखवायचंय, कधी नेऊ?

संत्रावाली (वरुड तालुका):
राष्ट्रपती भवनाची बाग फेब्रुवारी-मार्चात उघडते तेव्हा बाबांना न्यायचं मनात आहे. वय ७४, गुडघे कुरकुरतात. पण खरी अडचण वेगळीच. म्हणतात, "आपला बगीचा का कमी हाये? फुलं पाहाले दिल्लीले कायले जा लागते?" आमच्याकडं बगीचा म्हणजे संत्र्याचा, अन् नेमका तेव्हाच आंबिया बहार फुललेला असतो. वास पार ओसरीपर्यंत. त्यामुळं मलाही उत्तर सुचत नाही. कोणी गेलंय का? कधी जावं, चालणं किती?

धामणगावकर:
फेब्रुवारीच्या मध्यात जा, ट्यूलिप तेव्हाच. मार्चात ऊन तापतं. सोमवारी बंद. प्रवेश फुकट, पण वेळ ऑनलाइन आधीच घ्या. जुनं नाव मुघल गार्डन, २०२३ मध्ये बदललं. कोणी ते म्हटलं तर गोंधळू नका.

वणीची_सून:
ताई, मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, नेलं होतं, तेही अस्सेच! सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रोपासून ३५ नंबरच्या गेटापर्यंत बस मिळाली. पुढं मात्र पायीच, बाग १५ एकरांची आहे. डबा नेऊ नका, खायचं आत चालत नाही.

मामाजींना फुलांचं काही नव्हतं. गुलाबांत अर्जुन अन् भीम नावाच्या जाती आहेत म्हटल्यावर तेवढे हसले. मग ते पाण्याचे पाट आले. भवन बांधणाऱ्या ल्यूटन्स साहेबानं मुघलांच्या चारबागेसारखे (पाटांनी चार भाग केलेली बाग) आखलेले, मधात लाल दगडाची कमळाच्या आकाराची कारंजी. लोक फोटो काढत होते, मामाजी पाटाकडं वाकून विचारतात, "उतार कोनीकडं हाये?" तिथून हलेचनात! शिपाई "आगे चलिए" म्हणून थकला. ट्यूलिपच्या वाफ्यापाशी मी सांगितलं, याचे कांदे हॉलंडहून येतात. तर म्हणे, "म्हंजे बियानं घरचं नाई."

गावात मात्र वर्षभर त्या पाटाचंच सांगत होते.

संत्रावाली:
वणीची_सून, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. हसले नाहीत. थोडा वेळ सुपारी कातरत बसले, मग विचारलं, "ते कांदे किती खोल लावते म्हने?"

ओलीत भाऊ पाहील. नागपूरहून गाडीचं रिझर्वेशन बघतेय, बाबांना खालचा बर्थ.